दोन जावा आणि एक गाळणी

लाँड्रीत गाळणी आणली ती थोरल्या जावेने, हट्टाने. पॉलिस्टरचे कपडे धुताना बारीक तंतू सुटतात, ते प्लॅस्टिकच असतं, गटारातून नदीत आणि तिथून माशांच्या पोटात जातं, असं तिने एका सभेत ऐकलं होतं. मशीनच्या पाइपला गाळणी लावायची, तिच्यातला करडा लगदा रोज खरवडून डब्यात टाकायचा, हा नियमही तिचाच.

तिच्या पाळीत डबा भरायचा. धाकटीच्या पाळीत जेमतेम तळ झाकायचा.

"मशीन तेच, कपडे तसलेच. मग लगदा जातो कुठे गं?"

"निघतो तेवढा टाकते, ताई." धाकटीने इस्त्रीवरून मानही वर केली नाही.

इथेच पाणी मुरतंय, थोरलीने ताडलं. कंटाळा येतो म्हणून बया नळाखाली गाळणी विसळून मोकळी होत असणार! तिने मोरी तपासली, धाकटीच्या बाह्या ओल्या आहेत का तेही पाहिलं. हाती काही लागेना, तसा संशय आणखीच फुगला.

एका दुपारी "बँकेत जाऊन येते" म्हणून ती निघाली आणि मागच्या दाराने परत येऊन चादरींच्या ढिगाआड उभी राहिली. धाकटी पुढे गिऱ्हाईकाशी बोलत होती. मशीनपाशी आला तो थोरलीचा नवरा. त्याने सराईत हाताने गाळणी काढून फळीवर ठेवली आणि पाइप थेट मोरीत सोडला.

"अहो! हे काय?"

तो दचकला. "अगं, गाळणीने पाणी तुंबतं, धुणं उरकत नाही. आणि आपल्या एका मशीनने नदीचं काय बिघडणार आहे?"

आवाज ऐकून धाकटी आत आली. थोरली तिच्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"भाऊजींचं नाव घेतलं असतं, तर विश्वास बसला असता तुमचा?"

बसला नसता, हे थोरलीलाही कळत होतं. तिने फळीवरची गाळणी नवऱ्याच्या हातात ठेवली. "लावा परत. आणि आजपासून लगदा तुम्हीच खरवडायचा, आमच्यादेखत."

त्याने तोंड फुगवलं, पण गाळणी लावली.

संध्याकाळी थोरली इस्त्रीपाशी गेली. "चुकलं गं माझं."

"असू दे, ताई," धाकटी म्हणाली. पण चहा तिने आपल्या एकटीपुरताच टाकला.