कुऱ्हाडीचा दांडा

चोरी आणि जबरी चोरी यांत कायद्याने फारसे अंतर ठेवलेले नाही. वस्तू नेताना मारले, अडवले किंवा भीती घातली की तीन वर्षांची कैद दहापर्यंत जाऊ शकते. हे मला पाठ आहे. एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका ठाण्यात फिर्यादी लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आहे.

त्या दुपारी आभाळ पुन्हा काळवंडले होते. मोहफुले वेचण्याचे दिवस. कालच्या अवकाळी सरीपासून सागाची झाडेसुद्धा दबून उभी होती. समोर हेमराज बसला होता. तो सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरचा, रस्त्याच्या कामावर चौकीदार म्हणून येऊन त्याला आठच दिवस झाले होते.

"रेतीवरची ताडपत्री नेली इसरूनं. येवढंच ना?" ठाणेदार गुणवंतरावांनी विचारले.

"नाई साहेब. आधी खांद्यावरची कुऱ्हाड काढली. गोंडीत काही बोलला. माह्या अंगाचं त पाणीच झालं."

"एवढा मोठा गडी अन् भेला?" दारातला शिपाई हसला. "सिमेंटची धूळ खाऊन अंग वाढलं, काळीज नाई वाढलं!"

"तुम्ही राह्यले असते त पळाले असते, भाऊ."

गुणवंतराव मात्र हसले नाहीत. "भीती वाटली. लिही."

मी लिहिले. पण या गावांत कुणाच्या दारी काही मागायला जाणारा माणूस आधी खांद्यावरची कुऱ्हाड उतरवतो आणि दांडा घरधन्याकडे करून खाली ठेवतो. गावातल्या वारलूच्या पडवीत पाणी पिताना मी ते कितीदा पाहिले होते. इसरूच्या अंगणात वर्षाची मोहफुले उघड्यावर वाळत होती.

धीर करून मी विचारले, "कुऱ्हाड ठेवली कुठे त्याने?"

"माह्या पायापाशी."

"पायापाशी!" गुणवंतराव पुढे झुकले. "तेही लिही."

व्हरांड्यात बसवलेल्या इसरूला खिडकीतून सारे ऐकू येत होते. तो उत्साहाने म्हणाला, "हो बाबू, काढली होती कुऱ्हाड! ते लिवा. इसरू चोरून नाई नेत. कुऱ्हाड काढून बोललो, मंग नेली. फुलं वाळली का वापस देणार होतो."

"ऐकलं? स्वतःच सांगून राह्यला," गुणवंतराव म्हणाले.

इसरूच्या चेहऱ्यावर निश्चिंतपणा होता. आपल्या बाजूची साक्ष मिळाली, असे त्याला वाटत होते.

आता एकच प्रश्न उरला होता: दांडा कुणाकडे केलेला होता? तो माझ्या जिभेवर आला. गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिले, नुसतेच पाहिले, आणि मी मान खाली घातली. लहानपणापासून मी अशीच मान खाली घालत आलो आहे.

हेमराजने सही केली. मग इसरूला आत बोलावले. उंबऱ्याशी तो थांबला. त्याचा हात सवयीने खांद्याकडे गेला, तिथे काहीच नव्हते, आणि तो रिकामा हात घेऊन खाली बसला.

बाहेर पहिले थेंब पत्र्यावर वाजले. इसरूने खिडकीकडे पाहिले.

हेमराजचा जबाब आणि त्याची सही यांच्यामध्ये दोन ओळींची जागा कोरी राहिली होती. मागाहून कुणी काही घालू नये म्हणून अशा जागेवर तिरपी रेघ मारायची असते.

ती मी मारली.