हेमांगीचे माप

माझी धाकटी बहीण हेमांगी गेल्यापासून तिच्या ड्रमसेटवर जो बसतो, तो तिच्या मापाचा होतो. बाराव्या दिवशी गुरुजी नकळत त्या स्टुलावर टेकले आणि त्यांचे सोवळे त्यांना ढगळ होऊन खांद्यावरून घसरले. ते उठले, पूर्ववत झाले आणि पुढचा मंत्र म्हणू लागले.

हेमांगी डावखुरी होती, बुटकी होती, आणि सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवीत असे. प्रत्येक कार्यक्रमाला ती मांडलेला सेट आधी उलटा करून घेई. हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, उजवीकडे, बेस ड्रमचे पेडल डाव्या पायाखाली, मांड्यांमधला स्नेअर ड्रम पोटाकडे कललेला, बाकीच्या झांजा खाली, स्टूल त्याहून खाली. आपण वाद्याकडे ओणवे व्हायचे नाही, वाद्याने आपल्याकडे यायचे, असे ती म्हणे. या उद्धटपणाबद्दल तिला आयुष्यभर पुष्कळ उपदेश मिळाला.

ऑर्केस्ट्राचे मालक चौगुले नवा ड्रमर घेऊन घरी आले. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात हाच सेट वाजणार होता. आईने तसा शब्द दिला होता. सुजित माने नावाचा तो धिप्पाड गृहस्थ स्टुलावर बसला आणि हेमांगीएवढा झाला. तो घाबरला नाही. स्टूल फार खाली आहे, एवढीच त्याची तक्रार होती.

"बाईंची मांडणी बाईंपुरती ठीक होती, सर," चौगुले मला म्हणाले. "आता माणसाला वाजवता आला पाहिजे."

मृतांसाठी आपण जानवेसुद्धा उलट्या खांद्यावर घेतो, आणि तेही शास्त्र म्हणून. या विषयावर माझा एक जाड ग्रंथ आहे. चौगुल्यांनी तो वाचलेला नाही; विद्यापीठानेही नाही.

सुजित उठून पूर्ववत झाला आणि त्या दोघांनी स्टूल चार बोटे उंच केले. आतल्या खोलीत आई हेमांगीचे कपडे घडी करीत होती. एकेक कुर्ता तिच्या हातात लांब होत गेला. तिने मला विचारले, ही एवढी उंच मुलगी कोण? मी नाव सांगितले. ते तिने शेजाऱ्यांच्या मुलीचे ऐकावे तसे ऐकून घेतले.

त्यांनी स्नेअर सपाट केला. भिंतीवरच्या छायाचित्रातले हेमांगीचे वाकडे मनगट सरळ झाले. हाय-हॅट डावीकडे नेला, तेव्हा छायाचित्रातला चेहराच पुसट होऊ लागला. आई तिथे उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "श्रीधर, ही चौकट रिकामी का टांगलीस?"

फक्त पेडल उरले होते. ते उजवीकडे गेले की आईला मुलगी कधी झालीच नव्हती, एवढे मला कळत होते. मी चौगुल्यांना विनंती केली. इतकी वर्षे सर्वांनी मिळून हिला सरळ करायचा प्रयत्न केला, आता ती मेली आहे, निदान एक पाय तरी तिचा राहू द्या, असे मी म्हणालो. ते म्हणाले, भावना समजतात, सर. पण टेम्पो खाली उभा आहे.

तेव्हा मी स्टुलावर बसलो.

ते आता उंच होते; माझे पाय आखडत जाऊन जमिनीपासून सुटले. खांदे अरुंद झाले, शर्टाच्या बाह्या बोटांवरून खाली आल्या. डावा पाय ताणला, तेव्हा फक्त अंगठा पेडलला लागला. मी तो दाबला. घुमारा आतल्या खोलीपर्यंत गेला.

आई बाहेर आली. ओळख तिच्या चेहऱ्यावर हळूहळू चढली. मी तिला इतकी आनंदी कधी पाहिली नव्हती.

"हेमा," ती म्हणाली, "पुन्हा डावा?"

चौगुले अदबीने बाजूला झाले. आई माझ्यामागे आली, तिने माझा डावा हात मायेने माझ्या पाठीमागे घेतला आणि पदराच्या टोकाने तो बांधू लागली.