डबीतल्या सतरा गोळ्या

महिना उलटला होता, म्हणून मयुरीने डबी टेबलावर ठेवली तेव्हा ती रिकामी असेल असंच संघप्रियाला वाटलं. झाकण उघडलं तर आत सतरा गोळ्या.

संघप्रिया चंद्रपुरातल्या एका संस्थेत समुपदेशक होती. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज एक गोळी घेणाऱ्या अकरा तरुणी तिच्याकडे होत्या. मयुरी त्यातलीच, बावीस वर्षांची, मूळची पोंभुर्ण्याकडची. चार महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, रोशनला, एचआयव्ही निघाला, तिला नाही. त्याचे उपचार सुरू होते, पण त्याच्या रक्तातला विषाणू पुरता दबेपर्यंत हिने गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मळमळते का?" संघप्रियाने विचारलं.

"नाई."

"रोशन आडवा येते?"

"तो तं आठवण देते."

"मंग विसरते?"

"मोबाइलमंदी अलार्म वाजते ना, ताई."

नेहमीची कारणं संपली. आता दोन शब्द सुनावून फॉर्म भरता आला असता. पण संघप्रियाला एक गोष्ट सुटेना. या मुलीला गोळ्या फेकून मोकळी डबी आणता आली असती.

"फेकल्या असत्या तं मले समजलंच नसतं. परत आणल्या काऊन?"

मयुरीने डबीचं झाकण लावलं.

"वाटलं, तुमी तरी विचारान."

संघप्रियाने फॉर्म बाजूला सारला. आता कुठे तिचं मयुरीकडे नीट लक्ष गेलं. ही पोरगी ऊर्जानगरच्या एका पार्लरमध्ये काम करायची, लग्नाच्या नवऱ्या सजवायची. आज तिचे पुढचे केस चापून बसवलेले होते, पण मागे वेणीत पार गुंता झाला होता.

"पार्लरले जात नाई काय?"

"दोन मयने झाले."

"दिवसभर काय करते मंग?"

"पडून राह्यते. अलार्म वाजते, मी आयकते. डबी हातभर अंतरावर असते. हातच जात नाई." ती एखाद्या परक्या बाईची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. "ताई, मले मार लागला नाई, ताप नाई. असं काऊन होते?"

"मले बी पक्कं सांगता येनार नाई. पण शोधू." मग संघप्रियाने सरळच विचारलं, "मराचं मनात येते?"

"मराचं नाई. पण उठाचंबी नाई."

दुसऱ्या दिवशी संघप्रिया तिला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेली. रोशनही आला. बायको आपल्यावर चिडून गप्प झाली आहे असं धरून तो महिनाभर खाली मान घालून वावरत होता. डॉक्टरांनी नैराश्य असल्याचं सांगितलं, औषध लिहून दिलं आणि दर आठवड्याला यायला लावलं. एचआयव्हीची तपासणीही पुन्हा झाली. निकाल येईपर्यंत रोशन बाकावर बसलाच नाही. लागण नव्हती. गोळी पुन्हा सुरू झाली.

एकदम काही फरक पडला नाही. पहिल्या महिन्यात डबीत सात उरल्या, पुढच्या महिन्यात दोन. तिसऱ्या महिन्यात मयुरी केस कापूनच आली, खांद्यापर्यंत.

"गुंता निघेचना," ती म्हणाली. "अर्धा दिवस जाऊन राह्यली आता पार्लरले."

ती गेल्यावर संघप्रियाने बाकीच्या दहा जणींच्या फाइली काढल्या. चौघींच्या नावापुढे तिने स्वतःच लिहिलं होतं, 'निष्काळजी. समज दिली.' समज दिली होती खरी, पण त्यांना झोप लागते का, जेवण जातं का, हे कोणालाच विचारलेलं नव्हतं. पहिली फाइल जिवती तालुक्यातल्या नंदिनीची होती. संघप्रियाने फोन लावला.

"गोळ्या घेऊन राह्यली ना, ताई," पलीकडून घाईघाईने आवाज आला.

"गोळ्यांचं राहू दे," संघप्रिया म्हणाली. "तू कशी हायेस ते सांग."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. संघप्रिया फोन कानाला धरून थांबली.