नदीकाठचा दवाखाना

मॅडमकडे प्रबंधासाठी वर्षाला एकच जागा असते. आमच्या विभागात राष्ट्रीय सुरक्षा शिकवणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे त्या जागेसाठी सगळे देव पाण्यात घालून बसतात. यंदा तिच्यावर डोळा होता माझा आणि माझ्या मामेबहिणीचा. आम्ही एकाच भाड्याच्या खोलीत राहतो, एकमेकींचे मोजे घालतो, एकमेकींच्या चुगल्या एकमेकींच्या आयांना सांगतो. जिला जागा मिळेल तिनं दुसरीला सिनेमा दाखवायचा, असं ठरलं होतं. ठरवताना दोघी जरा जास्तच हसलो होतो.

निवड मॅडम त्यांच्या लुटुपुटूच्या संकटावरून करतात. वर्गाचे दोन देश होतात. आमचा देश खालच्या वाचनकक्षात, दुसरा बरोब्बर आमच्या डोक्यावर. मध्ये नकाशावर एक नदी आणि प्रत्यक्षात एक जिना. फोन जमा. प्रत्येक देशाला तीनच खेळ्या. निरोप मॅडम स्वतः नेतात-आणतात, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता. मामेबहीण वरच्या देशात गेली. जाताना मला डोळा मारून गेली.

सुरुवातीलाच मॅडमनी जाहीर केलं की नदीला पूर आलाय आणि आमच्या काठावरची गावं पाण्यात आहेत. मी लगेच म्हटलं, लष्कराचा तंबूतला दवाखाना काठावर नेऊ या. खाटा आहेत, डॉक्टर आहेत, रक्ताच्या पिशव्या आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा सेनापती, म्हणजे वर्गप्रतिनिधीच, पण आवाजामुळे हे नाव चिकटलेलं, तोही "चांगली कल्पना" म्हणाला. माझी कॉलर ताठ झाली.

पुढच्या निरोपात वरच्यांनी पुलापाशी रणगाडे आणून उभे केले होते.

"बघा!" सेनापतीनं टेबलावर हात आपटला. "आपण पुरात अडकलोय बघून डाव साधतायत. आपणही सैन्य हलवायचं. आत्ताच्या आत्ता."

"पण का आणले असतील?" मी विचारलं.

"आणले ना? मग 'का' कशाला हवंय तुला?"

मला 'का' हवंच असतं. आई म्हणते, हिला शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजायच्या असतात. वाद घालून घालून मी सगळ्यांचं डोकं उठवलं आणि आमची ती अख्खी खेळी निव्वळ एक प्रश्न विचारण्यात घालवली: रणगाडे कशासाठी?

उत्तर मॅडमनी वाचून दाखवलं. "तुमचा लष्करी दवाखाना काठावर आला. माणसं जखमी होणार हे ज्याला आधीच माहीत असतं, तोच दवाखाना पुढे आणतो. आम्ही काय समजायचं?"

दवाखान्याची कुणाला भीती वाटू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला: हे खरं कारण, की आमचा प्रश्न आल्यावर सुचलेलं? बाई गं, काय सुंदर प्रश्न होता! धावत वर जाऊन एकेकाचा चेहरा बघावा असं मला झालं.

"थापा आहेत," सेनापती म्हणाला.

"असतील. पण नसतील तर?"

एकच खेळी उरली होती. मी हट्टानं दवाखाना मागे घ्यायला लावला. रणगाडे गेले. मग मॅडमनी निकाल वाचला: युद्ध टळलं, पण उपचारांविना काठावरची शेकडो माणसं दगावली. खेळातलीच माणसं, तरी मला कसंतरी झालं. वाचनकक्षातून निघताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

खोलीवर आल्या आल्या, बॅगही न ठेवता मी बहिणीला गाठलं. ती कपडे वाळत घालत होती.

"खरं सांग. दवाखान्याला घाबरलात?"

"आईशप्पथ! मीच पहिल्यांदा बोलले. हे खाटा कशाला आणतायत म्हणून माझी तर पाचावर धारण बसली."

मला इतकं हलकं वाटलं की उरलेले कपडे मीच वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

"तुझी बहीण आत्ताच येऊन गेली. ती म्हणते, पूर आल्याबरोबर रणगाडे आणायचं त्यांचं ठरलं होतं. दवाखान्याचं कारण तिनं नंतर शोधून काढलं. तू त्यावर विश्वास ठेवलास, आणि माणसं गेली."

बहीण माझ्याशी खोटं बोलली, मला बरं वाटावं म्हणून? की मॅडमशी, आपण हुशार दिसावं म्हणून? की मॅडमच मला जोखत होत्या? तिन्ही शक्य होतं. आणि माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं: काल घरी ती नेमकं उलटं म्हणाली. एवढं बोलले असते की ती खोटारडी ठरली असती आणि मी शहाणी.

"तिला विचारलं नाहीस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"ते घरातलं बोलणं आहे, मॅडम. ते नाही सांगणार मी. वर काय ठरलं होतं ते मला माहीत नाही. काल खेळतानाही नव्हतं. माहीत नसतानाच मी दवाखाना मागे घेतला, आणि ती माणसं माझ्यामुळे गेली."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

जिना उतरताना मला प्रचंड आनंद झाला, खोटं कशाला बोलू! उड्या मारल्या नाहीत इतकंच.

बहीण आमच्या खोलीवर वाटच बघत होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. "मिळाली ना?" म्हणत तिनं मला मिठी मारली, अगदी घट्ट. मग जरा मागे सरून विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं का गं मॅडमनी?"

"विचारलं."

"मग? तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"खरंच काही नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिला ते पटलं नव्हतं. मला लगेच कळलं, आणि रडूच आलं. कारण दारातून आत आल्यापासून मीही तिच्याकडे तशीच बघत होते.