गाळलेला सूर

माउंट गिलियडच्या चर्चमध्ये नवा गिटारवाला आला, त्या रविवारी ड्रुसिला टार्व्हर नेहमीसारखी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसली होती. शेजारी तिची नणंद ओडेसा. दोघींच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे. नवरा गेल्यापासून ड्रुसिला ओडेसाच्याच घरी राहत होती, आणि त्याला आता बावीस वर्षं होत आली होती.

गिटारवाल्याचं नाव क्लोविस रॅटलिफ. चाळिशीचा, कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रक चालवणारा, नदीपलीकडच्या आर्कन्सामधून नुकताच मिसिसिपीत राहायला आलेला. दुसऱ्या भजनाला त्यानं तारा छेडल्या आणि ड्रुसिलाचा पंखा थांबला.

भजन रोजचंच होतं. पण ओळीच्या शेवटी, जिथे सूर वर चढून बसायला हवा, तिथे क्लोविसनं तो गाळला. नुसता अंगठ्याचा ठोका ठेवला आणि पुढच्या ओळीवर गेला. पुढच्या कडव्यात पुन्हा तेच. तिसऱ्यातही. चुकणारा माणूस दर वेळी त्याच जागी, एवढ्या डौलात चुकत नाही.

ती जागा ड्रुसिलाची होती. एकोणीस वर्षांची असताना, एका बोर्डिंगातलं धुणं धुताना, तिच्या डाव्या हाताची अनामिका कपडे पिळायच्या रुळांत सापडली. बोट वाचलं, पण वाकायचं ते कायमचं बंद झालं. तोवर गिटार तिच्या अंगात भिनली होती. मग जो सूर त्या बोटाशिवाय निघत नसे, तो ती गाळायला लागली. लोकांना वाटलं, ही हिची ऐट. झाडाखालच्या नाचांना तिचे ब्लूज, चर्चला न चालणारी ती सुखदुःखाची गाणी, ऐकायला दहा-दहा मैलांवरून माणसं यायची. १९२८ साली मेम्फिसला जाऊन तिनं गाण्याची एक तबकडीही भरली. वर नाव छापलं होतं, डी. टार्व्हर.

दोन वर्षांनी, जूनमधल्या एका दुपारी, ती अशाच एका नाचात डोळे मिटून वाजवत होती. नाचणाऱ्यांत ओडेसाचा होणारा नवरा लॉन्झो होता. कुणाशी तरी त्याची बाचाबाची झाली, चाकू निघाला. ड्रुसिलाला काही कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा लॉन्झो गवतात पडला होता, आणि तिचा अंगठा तारांवर चालूच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं गिटार देऊन टाकली. ओडेसानं पुढे लग्न केलं नाही. त्या दुपारीबद्दल दोघी एकमेकींशी तीस वर्षांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

प्रार्थना संपली. बाहेर झाडांखाली टेबलं मांडली होती. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली पालेभाजी. ड्रुसिला आपलं ताट तसंच ठेवून क्लोविसपाशी गेली.

"काय रे, ओळीच्या शेवटचा सूर का खातोस तू?"

क्लोविसनं तोंडातला घास घाईनं गिळला. "खात नाही हो, बाई. ते तसंच असतं."

"कुणी सांगितलं?"

"मामानं शिकवलं. मामाला नदीच्या बांधावर कामाला होता त्या एकानं. आमच्याकडे निम्मे लोक असंच वाजवतात. टार्व्हरची चाल म्हणतात तिला."

"कोण हा टार्व्हर?"

"होता कुणीतरी. मामाकडे तबकडी होती त्याची, पार झिजलेली. सहा फुटी गडी होता म्हणे. खेचर खांद्यावर घ्यायचा."

ड्रुसिला चपलांसकट पाच फूट भरली असती की नाही, शंकाच होती. मागे उभी असलेली ओडेसा फिसकन हसली.

"खेचर! आणि घरी पाण्याची बादली मला उचलायला लावते."

क्लोविस एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. ड्रुसिलानं डावा हात पुढे केला. ताठ बोट बघून त्यानं हातातली कोंबडीची तंगडी खाली ठेवली.

"तुमचं... तबकडी तुमची?"

"तुझी बोटं दाखव. धडधाकट आहेत सगळी. मग वाजव की तो सूर, पूर्ण."

त्यानं बोटं पुसली, गिटार मांडीवर घेतली आणि ओळ वाजवली, एकही सूर न गाळता. बरोबर वाजली. कुठल्याही चर्चमध्ये वाजते तशी.

"नको," ड्रुसिला म्हणाली, आणि आपण असं म्हटलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं ती जागा तिला पडलेल्या दातासारखी वाटत आली होती.

"मलाही नकोच वाटतो," क्लोविस म्हणाला आणि त्यानं गिटार तिच्यापुढे धरली.

ती एक पाऊल मागे सरली. नजर आपोआप ओडेसाकडे गेली.

"माझ्याकडे काय बघतेस?" ओडेसा म्हणाली. "मी कधी म्हटलं होतं, बंद कर म्हणून?"

"नाही म्हटलंस."

"लॉन्झोला मारलं ते चाकूवाल्यानं. तू गिटार टाकलीस, आणि सगळ्यांना वाटलं, गाण्यानंच मारलं त्याला. मग त्याचं नाव काढायचंही बंद झालं. मला कुणाशी बोलायचं होतं ना गं त्याच्याबद्दल."

"मला वाटलं, तुला सोसायचं नाही."

"विचारायचंस."

ड्रुसिला गिटार घेऊन खुर्चीत बसली. बोटांची टोकं मऊ पडली होती, तारा रुतत होत्या. आधी अंगठा चालायला लागला, मग हळूहळू बाकीची बोटं. भजन नव्हतं ते. पलीकडच्या टेबलावर दोन-चार भुवया चढल्या. पाद्रीसाहेबांनी मात्र आपल्या ताटातून मान वर केली नाही.

"या गाण्यावर नाचताना पाय तुडवायचा तो माझे," ओडेसा म्हणाली. "इतका वाईट नाचायचा, बाई." ती हसत होती आणि पंख्यानं डोळ्यांना वारा घालत होती.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी क्लोविस येऊ लागला, कधी बायकोला घेऊन. ड्रुसिलानं त्याला एकोणीस गाणी दिली. बऱ्याच गाण्यांचे शब्द ती विसरली होती. ते सगळे ओडेसाला पाठ होते, अगदी चर्चच्या बाईनं म्हणू नयेत तेसुद्धा.

टार्व्हर ही बाई आहे, यावर क्लोविसच्या मामाचा मात्र विश्वास बसेना. शेवटी शरद ऋतूत तो स्वतःच बस पकडून आला. सत्तरीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. ओसरीवर बसून त्यानं दोन गाणी ऐकली.

"टार्व्हरबाई," तो म्हणाला, "शेवटच्या कडव्यात अंगठा उलटा कसा फिरतो तुमचा? तीस वर्षं तिथे अडलोय मी."

"खुर्ची इकडे ओढा," ड्रुसिला म्हणाली. "तिथून दिसायचं नाही."