डॉल्फिनचा आवाज

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, पण त्यांचे कान अजून ड्युटीवरच आहेत. चौतीस वर्षं भट्टीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरपाशी काढल्यामुळे मशीन घरघरत असली की त्यांना गाढ झोप लागते आणि बंद पडली की ताडकन जाग येते. घरचा कूलर थांबला तरी ते बूट शोधतात.

आईला जन्मात एकदा डॉल्फिन बघायचा होता. म्हणून मी दोघांना ओडिशात चिलिका सरोवराला नेलं. समुद्राला लागून पसरलेलं, अर्धं खारं अर्धं गोडं पाणी. पक्षी, मासे, सगळं भरपूर. आईने बोट बुडवून चाखलं. "वरनात मीठ कमी पडल्यावानी हाये," म्हणाली.

नावेची मोटर सुरू झाली आणि बाबा घोरू लागले. तासाभराने नावाडी कुजबुजला, "वो देखो." डॉल्फिन दिसला की मोटर बंद, या तिथल्या नियमाप्रमाणे त्याने मोटर थांबवली. झालं! बाबा उठून गरजले, "ब्लोअर बंद पडला! फोरमनले बोलवा!" आईने मान वळवेपर्यंत पाण्यावर फक्त बुडबुडे उरले होते.

"कावून वरडून राहिले तुमी?" आई रडवेली झाली.

बाबा ओशाळले. "आता नाई झोपत," म्हणाले आणि मोटर सुरू होताच पुन्हा घोरू लागले. मला त्यांना पाण्यात ढकलावंसं वाटलं.

परतताना अजून एकदाच थांबू, असं नावाडी म्हणाला.

"उठवू का त्यांना?" मी आईला विचारलं.

"नोको. जागे राहिले तं गप्प बसतीन का?"

मोटर थांबली. त्याच क्षणी आईने बाबांच्या कानाला तोंड लावलं आणि हळूच सुरू केलं, "घर्रर्रर्र..." तिचा दम संपला की मी, माझा संपला की नावाडी. बाबा घोरतच राहिले. पुन्हा आईची पाळी आली आणि नावेपासून दोन हातांवर एक राखाडी, गोल डोकं वर आलं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण घर्रर्र काही थांबलं नाही. बाबांनी एक डोळा किलकिला केला, समोर पाहिलं आणि मिटून घेतला.

भिलाईला परतल्यावर शेजारचे शामराव चौकशीला आले.

"दिसला ना!" बाबा म्हणाले. "असं गोल मुंडकं!"

"आन् आवाज कसा करते?"

"अगदी आपल्या ब्लोअरवानी. घर्रर्रर्र!"

मी तोंड उघडणार, तोच आईने माझा पाय दाबला.

"खरंच हाये भाऊ," ती म्हणाली. "मी तं अगदी जवळच होती."