रेघेच्या अलीकडे

मास्टरांच्या शिलाईच्या दुकानात जमिनीवर खडूची एक रेघ होती. दारातून आत आलं की चपलांची जागा, गिऱ्हाइकांचं बाकडं, मग ही रेघ. आणि रेघेपलीकडे कापायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री आणि लोकांचे कोट. मास्टरांची कुत्री गुंडी रेघेच्या अलीकडे राहायची. पिल्लू असताना ती एका नवरदेवाच्या काळ्या सुटावर झोपली होती, आणि तिचे पांढरे केस वेचता वेचता मास्टरांच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून दुकान उघडलं की मास्टर आधी रेघ ओढत, मग मशिनला तेल घालत. गुंडीचा पंजा रेघेवर पडलाच तर लाकडी पट्टी टेबलावर आपटायची, बस. "आमच्या गुंडीला माणसांपेक्षा जास्त कळतं," असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला टोमणा आपल्यालाच होता की काय असं वाटे.

आज मात्र गुंडीला सकाळपासून बाळंतकळा येत होत्या, पिल्लू काही येत नव्हतं, आणि का ते मास्टरांना कळत नव्हतं.

तिच्यासाठी त्यांनी कापायच्या टेबलाखाली ताग्यांचं मोठं खोकं ठेवलं होतं आणि त्यात अस्तराच्या मऊ चिंध्या अंथरल्या होत्या. दुकानातली सगळ्यांत स्वच्छ आणि उबदार जागा. त्यांनी स्वतः तिला उचलून तिथे ठेवलं. तिचं पोट आवळलं जाई आणि पुढे काही होण्याआधीच सैल पडे. मग ती उठे, खोक्याची कड ओलांडे आणि चपलांत जाऊन उभी राही. मास्टर तिला पुन्हा उचलून आणत.

"दाजी, तिला बाहेर जायचंय," बाकड्यावर बसलेली मेहुणी म्हणाली.

"नेली होती मघाशी. नुसती उभी राहिली, माझ्याकडे बघत."

"मग तुमचा चेहरा बघून आत वळली असेल."

"तुझ्या बहिणीला विचार. एवढी वर्षं बघतेय, ती नाही वळली."

"मी वळले नाही, मी थकले," मास्टरांची बायको खोक्याशी वाकत म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "अहो, हे काय आहे?"

चिंधीवर गडद हिरवा डाग पडला होता.

मास्टरांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "अस्तराचा रंग गेलाय. ओलं झालं की जातो. हिरव्या तुकड्यावर बसली असेल."

"रंग असा चिकट असतो होय?"

मास्टरांनी खोक्यातून हिरव्या अस्तराचा कोरडा तुकडा शोधला, इस्त्रीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीत बुडवला आणि पांढऱ्या कापडावर दाबून पिळला. कापड ओलं झालं. पांढरंच राहिलं. रंग जात नव्हता, म्हणजे कापड चांगलं होतं. पण कापड चांगलं निघाल्याचं एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मेहुणीने तोवर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"हिरवं? आणि पिल्लू एकही नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग आत पिल्लाची वार आधीच सुटलीय. पिल्लाला हवा मिळत नसेल. तिला इकडे घेऊन या, आत्ताच. फोन चालू ठेवा."

मेहुणी फोन बहिणीच्या हातात देऊन कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याची गाडी मागायला धावली. मास्टरांनी गुंडीला उचललं. तिचं अंग तापलं होतं आणि हृदय मशिनच्या सुईसारखं चाललं होतं. दारापाशी ती त्यांच्या हातांत वळवळली, निसटली, चपलांमध्ये उतरली आणि मागचे पाय फाकवून तिने असा जोर दिला की मास्टरांनाच घाम फुटला. शेपटीखाली दोन इवले पाय दिसले.

"पाय आलेत," बायको फोनमध्ये म्हणाली. "आधी पायच."

"असू दे, पायाळू पिल्लं येतात. पण डोकं आत अडकून राहायला नको. आता गाडीत घालू नका."

मास्टरांनी खाली पाहिलं. चपला, रस्त्याची धूळ, गिऱ्हाइकांच्या पायांची सगळी घाण. इथे? त्यांनी तिला अलगद उचललं आणि पुन्हा खोक्यात, स्वच्छ चिंध्यांवर नेऊन ठेवलं. जोर थांबला. ते इवले पाय अर्धे आत गेले. गुंडी कान पाडून त्यांच्याकडे पाहू लागली. मग टेबलावरच्या लाकडी पट्टीकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

ही नजर त्यांच्या ओळखीची होती. सुटावर झोपलेली सापडली, तेव्हाची.

"अगं, ही कळा धरून ठेवतेय," ते म्हणाले.

"काय?"

"मला काय माहीत. रेघेपलीकडे कापडावर नको म्हणून. मी आहे म्हणून."

खोक्यासकट त्यांनी तिला रेघेअलीकडे आणलं, खोकं आडवं करून तिला जमिनीवर उतरवलं आणि स्वतः चपलांत फतकल मारून बसले. पट्टी बाकड्याखाली भिरकावली. गुंडीने त्यांचा गुडघा हुंगला, आणि जोर दिला.

"कोरड्या कापडाने धरा," फोन म्हणाला. "ती जोर देईल तेव्हाच ओढा, खाली, तिच्या पोटाच्या बाजूला. ती थांबली की तुम्ही थांबा."

मास्टरांनी आयुष्यभर कापड ओढलं होतं, पण ते कधी असं आपण होऊन त्यांच्याकडे आलं नव्हतं. किती जोर लावावा? ते बोटांना विचारत राहिले. ती थांबली, ते थांबले. तिने जोर दिला, त्यांनी ओढलं. मग खांदे अडले, मग सुटले, डोकंही सुटलं, आणि पिल्लू त्यांच्या तळहातात आलं: ओलं, काळसर, न हलणारं.

"तोंडावरची पिशवी काढा. नाक पुसा. चोळा, घाबरू नका, जोरात चोळा."

ते चोळत राहिले. दारात गाडी येऊन थांबली, मेहुणी आत येऊन गुंडीच्या डोक्याशी बसली. पिल्लाचं तोंड एकदा उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं, आणि गंजलेल्या कात्रीसारखा बारीक आवाज आला.

बायकोने पदराने डोळे पुसले. "कात्रीला तेल द्या आता," ती म्हणाली.

बाकीची पिल्लं गुंडीने स्वतःच काढली, चपलांमध्ये, जणू त्यात अवघड असं काही नव्हतंच. संध्याकाळी डॉक्टरीणबाई दुकानात येऊन सगळ्यांना तपासून गेल्या. रेघेमुळेच ती अडून राहिली का, असं मास्टरांनी विचारलं.

"तेही असेल," त्या म्हणाल्या. "नकोशा जागी कुत्र्या कळा धरून ठेवतात. किंवा पिल्लू वळायला तेवढा वेळ लागला असेल. नक्की नाही सांगता येणार."

दुसऱ्या सकाळी मास्टरांनी दुकान उघडलं आणि सवयीने खडू उचलला. रात्री बायकोने चपलांची जागा धुतली होती, तेव्हा जुनी रेघ वाहून गेली होती. तरीही गुंडी होती तिथेच, रेघ जिथे असायची त्या जागेच्या अलीकडे, पिल्लांना घेऊन. मास्टरांना पाहून ती उठली, पायाळू पिल्लाला तोंडात धरून आली, आणि नसलेल्या रेघेशी थांबली. पिल्लू खाली ठेवलं. नाकाने हळूच त्यांच्या बाजूला ढकललं. स्वतः आली नाही.

मास्टरांनी रेघ न ओढताच खडू ठेवून दिला आणि पिल्लू उचललं. मशिनला तेल घालायचं त्या दिवशी राहूनच गेलं.